मिरचीचं पान वळतंय? औषध आणायच्या आधी पान उलटून बघा

पहिल्या वर्षी मी मिरचीची सहा झाडं विनाकारण उपटली. सासरे गावाहून आले होते. कुंडीपाशी उकिडवे बसले, एक पान चिमटीत धरलं आणि म्हणाले, "बोकड्या पडलाय गं, काढून टाक." अण्णांची उभी हयात शेतीत गेलेली, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? काढून टाकली.

दुसऱ्या वर्षी नेमकं उलटं. एक झाड वळायला लागलं आणि या खेपेला मी ते हट्टाने जपलं. तीन महिने त्याला नीमतेल, आंबट ताक, हळदीचं पाणी, जो जे सांगेल ते दिलं. त्याने मला बोटाच्या पेराएवढी एक मिरची दिली आणि शेजारच्या चार झाडांना आपला रोग दिला.

पहिल्या वर्षी होते फुलकिडे, दुसऱ्या वर्षी विषाणू. म्हणजे जी झाडं वाचली असती ती उपटली, आणि जे उपटायला हवं होतं ते पोसलं. घोळ नावातच आहे. गावाकडे बोकड्या म्हणतात, कृषी खात्याच्या पत्रकांत चुरडा-मुरडा लिहितात, पण त्या एका नावाखाली पाच-सहा वेगळी दुखणी मोडतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पुण्यात आमच्या गच्चीवर मिरचीचं हे आठवं वर्ष. आता इमारतीत कुणाच्याही मिरचीचं पान वळलं की फोटो मला येतो, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: पान उलटा, पुन्हा फोटो काढा.

आधी लक्षणं

- कडा वरच्या बाजूला वळून पानाचा द्रोण झालाय, पानाच्या पाठीवर रुपेरी किंवा तपकिरी चट्टे आहेत, फुलं गळतायत: फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स.
- कडा खाली वळल्यात, पान पालथ्या होडीसारखं दिसतंय, शेंड्याची पानं अरुंद, जाड आणि कडक झालीत, देठ मात्र लांबलेत: कोळी.
- पानं बारकी आणि पिवळट, पेरं आखूड, शेंड्याला पानांचा गुच्छ, झाड जागच्या जागी खुजं राहिलंय: विषाणू. तो पांढरी माशी आणते.
- पान हाताला चिकट लागतं, खोडावर मुंग्यांची ये-जा आहे, खालच्या पानांवर काजळी धरलीय: मावा.
- दुपारी वळतं, संध्याकाळी सरळ होतं: ऊन.
- कोवळं पान सुरकुतलेलं, पण कीड शोधूनही सापडत नाही: पाणी, माती नाहीतर खत.

यातली दोन एकदम असतात, असंही पुष्कळदा होतं. म्हणून खालच्या तपासण्या क्रमानेच करा. पहिल्या दोन-तीन फुकट आहेत आणि माझ्याकडे आलेली निम्मी प्रकरणं तिथेच मिटलीत.

१. संध्याकाळी सातला परत बघा

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ३८-४० वर जातो, आणि सिमेंटची गच्ची खालून भाजते ती वेगळीच. अशा वेळी पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच पान मिटून घेतं. दुपारी दोनला बघून घाबरू नका. संध्याकाळी पान सरळ झालं असेल तर दुखणं काही नाही. पश्चिमेच्या बाजूने शेडनेट बांधा. नसेल तर जुनी सुती साडी बांधा, ती उलट बरी, हवा खेळते. ३५ अंशांच्या पुढे मिरचीची फुलंही गळतात. त्यावर कुठलंही टॉनिक घालू नका, जूनमध्ये फुलं आपोआप धरतात.

भर दुपारी वळलेल्या पानावर नीमतेल मारायचा उद्योग मी केलेला आहे. दुसऱ्या दिवशी पानं कडेने करपून कुरकुरीत झाली होती.

२. कुंडी उचलून बघा

बोट दोन पेरं मातीत घाला आणि मग कुंडी थोडी कलती करून वजनाचा अंदाज घ्या. वरची माती कोरडी दिसते आणि तळाशी चिखल असतो, हे कुंडीत नेहमीचं. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही, मग ती पाणी ओढणंच सोडतात, आणि वरून झाड तहानलेलं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फरशी खराब होऊ नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली बशी ठेवली होती आणि ती बशी कायम भरलेली असायची. बशा काढल्या, तळाच्या भोकांत घुसलेली मुळं काडीने मोकळी केली. पंधरा दिवसांत नवी पानं सरळ आली. त्याआधी त्यांनी दोन बाटल्या औषध संपवलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

३. पांढऱ्या कागदावर झटका

ही सगळ्यांत महत्त्वाची तपासणी, आणि हिला लागतो एक कोरा कागद. सकाळी ऊन चढायच्या आत शेंड्याखाली कागद धरा आणि फांदीला दोन-तीन टिचक्या मारा. उमललेल्या फुलावरही मारा. मग कागद हलवू नका, मनात दहापर्यंत मोजा.

आधी नुसता कचरा दिसेल: परागकण, धूळ, वाळकं काहीतरी. मग त्यातला एखादा कण चालायला लागतो. फुलकिडा जेमतेम १ मिलिमीटरचा, पिवळट नाहीतर काळसर, लांबट. कागदावरचा स्वल्पविराम उठून चालायला लागावा, तसं दिसतं. एका झटक्यात एखाददुसरा पडला तर पाण्याची धार पुरते. सहा-सात पडले तर पुढच्या फवारणीच्या टप्प्यावर जायची तयारी ठेवा. हे आकडे माझ्या गच्चीवरच्या अनुभवाचे आहेत, शेतासाठीचे नाहीत. फुलात काळे फुलकिडे जास्त दिसले तर नवल नाही. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातली मिरची ज्यांनी उद्ध्वस्त केली ते बाहेरून आलेले काळे फुलकिडे फुलातच दडून बसतात. म्हणून फुलं तपासल्याशिवाय 'कीड नाही' असं म्हणू नका.

झाड हलवल्यावर पांढरी भुकटी उडून परत पानाखाली बसली, तर ती पांढरी माशी. मावा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्याला कागद लागत नाही.

कागदावर काहीच पडलं नाही आणि पान मात्र खाली वळलेलं आहे, तर संशय कोळ्यावर. मिरचीचा पिवळा कोळी इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सोनाराकडे असतं तसलं दहापट दाखवणारं भिंग शे-दोनशे रुपयांत मिळतं, ते घेऊन ठेवा. शेंड्याच्या सगळ्यांत कोवळ्या पानाची पाठ बघा. पारदर्शक, पिवळसर, तेलाच्या थेंबासारखे ठिपके सावकाश सरकताना दिसतील.

एवढा आटापिटा कशासाठी? कोळी हा कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात, तो कोळिष्टकवाल्या कोळ्याच्या जातकुळीतला. साध्या कीटकनाशकाने तो बहुधा मरत नाही. मरतात त्याला खाणारे किडे, आणि मग कोळी मोकाट सुटतो. दुकानातून 'मिरचीचं औषध द्या' म्हणून आणलेली बाटली मारल्यावर झाड आणखी बिघडलं, अशी तक्रार येते तेव्हा मी पहिल्यांदा भिंग काढते.

४. पाण्याची धार आणि खुडणी

फुलकिडे, मावा, पांढरी माशी या तिन्हींवर पहिला उपाय पाणी. सकाळी फवाऱ्याच्या नळीने पानांची पाठ धुवायची, वरची बाजू नव्हे. एक हात पानाखाली आधाराला ठेवा, नाहीतर देठ मोडतात. सलग तीन दिवस करा, कारण अंडी धुऊन जात नाहीत, त्यांतून नवी पिल्लं निघतातच.

अगदीच गोळा झालेले शेंडे खुडून पिशवीत बांधून टाका. कंपोस्टमध्ये नको. खुडल्याने झाड खचत नाही, बाजूने दोन फांद्या फुटतात.

जाता जाता एक विनवणी. माव्याच्या गर्दीत काळ्या-केशरी रंगाची, चिमुकल्या मगरीसारखी अळी दिसली तर तिला मारू नका. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी, दिवसभर मावाच खाते. मी पहिली दोन वर्षं त्यांना चिमट्याने वेचून मारत होते.

५. शेंड्याला धागा बांधा

हे मला कुणी सांगितलं नाही, चुकत चुकत सापडलं. एकदा वळलेलं पान कधीच सरळ होत नाही. कीड मेली, औषध लागू पडलं, तरी ते पान गळेपर्यंत तसंच वाकडं राहणार. लोक त्याच जुन्या पानाकडे बघतात, 'फरक नाही' म्हणतात, आणि दर दोन दिवसांनी नवं काहीतरी मारत सुटतात.

म्हणून उपाय सुरू करायच्या दिवशी शेंड्याच्या अगदी खाली लाल लोकरीचा धागा सैल बांधा आणि कॅलेंडरवर खूण करा. धाग्याखालच्या पानांकडे ढुंकूनही बघायचं नाही. दहा-बारा दिवसांत धाग्याच्या वर तीन-चार नवी पानं येतात. ती सपाट आली तर जिंकलात. तीही वळलेली आली तर कारण ओळखण्यात चूक झाली, परत कागदापासून सुरुवात.

६. चिकट कार्डं

पिवळी पांढऱ्या माशीसाठी, निळी फुलकिड्यांसाठी. झाडाच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगा. गच्चीला दोन-दोन पुरतात. याने कीड संपत नाही, पण किती आहे आणि वाढतेय की घटतेय ते कळतं. डब्याच्या पिवळ्या झाकणाला एरंडेल चोपडलं तरी चालतं.

७. नीमतेल, पण नीट कालवून

इथपर्यंत येऊन कीड हटत नसेल तरच फवारणी. १५०० पीपीएमचं (हा ताकदीचा आकडा बाटलीवर असतो) नीमतेल लिटरला ५ मिलि. आधी कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब, मग तेल, मग बाटली बंद करून जोरात हलवायची. पाणी ताकासारखं पांढरं झालं पाहिजे. वर तेलाचा तवंग दिसला तर कालवलं गेलं नाही. तसंच मारलंत तर पहिल्या पानांवर नुसतं पाणी जाईल आणि शेवटच्यांवर निखळ तेल. भाजायची ती पानं हीच.

सूर्य मावळल्यावर मारा, पानांच्या पाठीवर मारा, आणि आदल्या दिवशी एकाच फांदीवर मारून बघा. दर सहा-सात दिवसांनी, एकूण तीन वेळा. मधमाश्या फुलांवर येत असतील तेव्हा नाही. मिरच्या तोडणीआधी मारलं असेल तर धुऊन वापरा.

ज्यांना गावाहून निंबोळ्या मिळतात त्यांनी ५० ग्रॅम निंबोळी भरडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि फडक्यातून गाळून त्याच दिवशी वापरावी. हाच तो ५ टक्के निंबोळी अर्क. मला तेलापेक्षा याचाच गुण जास्त आलाय.

ताकाने माझ्या झाडांना काही फरक पडला नाही. तंबाखूचं पाणी मात्र चुकूनही नको. निकोटीन हे विष आहे आणि आपण ती मिरची खाणार आहोत. शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरचीवर येऊ शकतो. आमच्याकडे पाणी घालायला येणाऱ्या काकांना मी झाडांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला लावते. त्यांना ते सोवळं वाटतं.

८. कोळी असेल तर गंधक

पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, तोंडाला रुमाल बांधून. दोन पथ्यं पाळा: पारा ३२ च्या वर असताना मारू नका, आणि नीमतेलानंतर पंधरा दिवस थांबा. दोन्ही जवळजवळ मारली की पानं भाजतात. कोळी दमट उबेत वाढतो, त्यामुळे आमच्याकडे हे प्रकरण पावसाच्या उघडिपीत, श्रावणाच्या आसपास निघतं.

९. झाड कुंडीतून बाहेर काढा

कीड नाही, पाणी ठीक, तरी नवी पानं सुरकुतलेली. मग कुंडी आडवी करून, बाजूंनी थोपटून झाड मातीसकट बाहेर घ्या. मुळांचा कुंडीच्या आकाराचा गोळा झाला असेल तर मोठी कुंडी द्या. मिरचीला १२ इंच तरी हवी. मुळं तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी असतील तर माती बदला. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा पापुद्रा दिसतोय का? तो बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातला क्षार. महिन्यातून एकदा कुंडीला भरपूर पाणी देऊन तळातून वाहू द्या. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेल्या झाडाला कॅल्शियम कमी पडतं, कारण न मुरवलेलं कोकोपीट ते स्वतःच धरून ठेवतं. माती आणि शेणखत मिसळा. अंड्याची टरफलं घालायला हरकत नाही, पण ती कुजायला महिनोन्‌महिने लागतात.

शेणखतावर संशय असेल तर मूग पेरा. तणनाशक मारलेला चारा जनावराने खाल्ला तर काही तणनाशकांचा अंश शेणातून खतात उतरतो, आणि मग मिरचीची पानं पट्टीसारखी अरुंद, पिळवटलेली येतात. एका डब्यात ते खत आणि माती निम्मी-निम्मी, दुसऱ्यात नुसती माती, दोन्हींत दहा-दहा मूग. दोन-तीन आठवड्यांत खताच्या डब्यातली पानं पिळवटली तर ते पोतं परत करा. माझ्याकडे हे एकदाच झालं. विकणाऱ्याने अर्थातच कानावर हात ठेवले.

१०. विषाणू असेल तर उपटा, त्याच दिवशी

पानं बारकी, पिवळट, गुच्छासारखी, आणि दोन धागे बांधून झाले तरी सुधारणा नाही. विषाणूवर औषध नाही, ना सेंद्रिय ना रासायनिक. नीमतेलाने फार तर पांढरी माशी कमी होते. संध्याकाळी माशी सुस्त असताना झाडावर मोठी पिशवी उलटी घाला, पिशवीतच झाड उपटा, तोंड बांधून टाका. पिशवी न घालता उपटलंत तर माश्या उडून शेजारच्या कुंडीवर जातील. कुंडीतली माती मिरचीला परत वापरता येते, हा विषाणू मातीतून येत नाही. रोगट झाडाचं बी मात्र मी धरत नाही.

नव्या रोपांना पहिले ३०-३५ दिवस जाळीखाली ठेवा. मच्छरदाणी चालत नाही, तिच्या भोकांतून पांढरी माशी आरामात जाते. ४० ते ५० मेशची, म्हणजे इंचाला तितकी भोकं असलेली, कीटकरोधक जाळी लागते. ही जाळी वापरायला लागल्यापासून माझी उपटणी वर्षाला एक-दोन झाडांवर आली. गेल्या आषाढात सात कुंड्यांतून दर आठवड्याला दोन मुठी ज्वाला मिरची निघत होती. अण्णा आले तेव्हा त्यांनी स्वतः खलबत्ता मागितला, मीठ-लसूण घालून ठेचा केला आणि भाकरीवर घेऊन गच्चीतच खाल्ला. बोकड्याचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

दोन वेळा धागा बांधून, कारण बदलून उपाय करूनही नवी पानं वळतच असतील तर पुढे अंदाजाने काही मारू नका. तसंच मिरचीपाठोपाठ टोमॅटो, वांगी, पपईही एकदम बिघडली, तर ते घरच्या भिंगाच्या आवाक्याबाहेरचं आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात नमुना घेऊन जा. शेंडा, मधलं पान आणि फूल कागदी पिशवीत न्या, ओल्या प्लास्टिकमध्ये ते सडून पोचतं. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि आतापर्यंत काय काय मारलं त्याची यादी बरोबर ठेवा. किसान कॉल सेंटरवर, १८००-१८०-१५५१ या नंबरवर, सकाळी ६ ते रात्री १० मराठीत विचारता येतं, फोन फुकट आहे.

रासायनिक कीटकनाशक मी गच्चीवर आणत नाही, तुम्हीही स्वतःच्या मनाने आणू नका. बाटलीवरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण म्हणजे तीव्र विष. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि ते रोज फवारणी करणारे लोक होते. आपल्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे असतात, खालच्या मजल्यावर पाळणा असतो. फवारल्यावर कुणाला मळमळ, चक्कर, घाम असं काही झालं तर सरळ दवाखाना, बाटली सोबत घेऊन.

आणि कुंड्यांखालच्या स्लॅबला ओल दिसली, खालच्यांच्या छताला पोपडे आले, तर मिरची बाजूला ठेवा. आधी कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा.

सध्या तिसऱ्या कुंडीत लाल धागा बांधलेला आहे. आज सहावा दिवस. वर दोन पानं आलीत, एक सपाट आणि एक थोडं वर उचललेलं. सकाळी कागदावर तीन स्वल्पविराम चालले.